पांढऱ्या हत्तीची बदनामी

एखाद्या नगरपालिकेने कोट्यवधी रुपये खर्चून नाट्यगृह बांधावे, ते वर्षातून पाच-सात वेळा उघडावे आणि उरलेल्या काळात तिथे कबुतरांनी संसार थाटावेत, की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात मथळा ठरलेला असतो : ‘पालिकेने पोसला पांढरा हत्ती’. महामंडळ तोट्यात गेले, जलतरण तलाव कोरडा पडला, विमानतळावर विमान उतरेनासे झाले, प्रत्येक वेळी हाच प्राणी धावून येतो. विधिमंडळातील भाषणांत तो असतो, लेखापरीक्षणाच्या बातम्यांत असतो आणि गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत उद्वाहकाच्या दुरुस्तीवर वाद पेटला की तिथेही असतो. मराठी माणसाला हा शब्दप्रयोग इतका सवयीचा झाला आहे की तो आपल्या आजीच्या तोंडचा नव्हे, इंग्रजीतून शब्दशः उचललेला आहे, याची आठवणही कुणाला राहिलेली नाही.

भाषेने भाषेकडून उसनवारी करावी, यात गैर काही नाही. मराठीने फार्सीकडून घेतले, कानडीकडून घेतले, पोर्तुगीजांकडून बटाटा आणि पाव घेतला. त्याने मराठी गरीब झाली नाही. परंतु वस्तू उसनी घेणे वेगळे आणि दुसऱ्याने आपल्याविषयी करून घेतलेला ग्रह उसना घेणे वेगळे. पांढऱ्या हत्तीच्या बाबतीत हे दुसरे घडले आहे. म्हणून या हत्तीची जन्मपत्रिका एकदा मांडून पाहणे आवश्यक आहे.

इंग्रजीत या वाक्प्रचाराचा अर्थ नेमका आहे. जी वस्तू दिसायला मोलाची, जिच्यापासून उपयोग काही नाही, जिच्या देखभालीत मालक भिकेला लागेल आणि जी प्रतिष्ठेपायी किंवा बांधिलकीपायी टाकूनही देता येत नाही, ती वस्तू म्हणजे पांढरा हत्ती. यातील शेवटची अट महत्त्वाची आहे. नुसती महाग वस्तू हा पांढरा हत्ती नव्हे. नुसती निरुपयोगी वस्तूही नव्हे. निरुपयोगी वस्तू मनुष्य भंगारवाल्याला देऊन मोकळा होतो. पांढऱ्या हत्तीपासून सुटका नसते, हेच त्याचे लक्षण. इंग्लंड-अमेरिकेत या अर्थाला पुढे एक घरगुती शाखाही फुटली. चर्चच्या मदतीसाठी भरणाऱ्या जत्रांत घरातील नकोशा फुलदाण्या, आहेरात आलेले चिनी मातीचे कुत्रे, कुणी न वाजवलेल्या पेट्या अशा वस्तूंचा एक ठेला असतो. त्याला पांढऱ्या हत्तींचा ठेला म्हणतात. तिथे तो प्राणी पार फुलदाणीएवढा झालेला असतो.

या वाक्प्रचाराच्या पाठीशी एक कथा सांगितली जाते आणि शब्दकोशांपासून शालेय पुस्तकांपर्यंत सर्वत्र ती सांगितली जाते. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाची एखाद्या दरबाऱ्यावर खप्पा मर्जी झाली की राजा त्याला पांढरा हत्ती भेट देत असे. हत्ती पवित्र, म्हणून त्याच्याकडून काम करून घेता येत नाही. राजाची भेट, म्हणून ती नाकारता येत नाही, विकताही येत नाही. आणि हत्तीचा रोजचा चारा दीडशे किलोच्या घरात. सरदार वर्ष-दोन वर्षांत धुळीला मिळे. गोष्ट चटकदार आहे. पौर्वात्य राजा लहरी, कपटी आणि गोड हसून गळा कापणारा असतो, अशी जी प्रतिमा युरोपने जपली, तीत ती फिट्ट बसते. अडचण एवढीच की सयामच्या इतिहासात असा कोणताही राजा, असा कोणताही सरदार आणि अशी कोणतीही भेट सापडत नाही.

सापडणे शक्यही नाही. सयाममध्ये पांढरा हत्ती राजाखेरीज कुणाच्या दारी राहू शकत नसे. रानात असा हत्ती आढळला तर तो राजाला अर्पण करणे हे प्रजेचे कर्तव्य होते. १९२१च्या हत्तीविषयक कायद्यातही तो दंडक आला. ज्याच्या अंगणात असे जितके हत्ती, तितके त्याचे राज्य धर्माने चालले आहे, असा लोकांचा विश्वास. राज्याच्या पुण्याईचा पुरावाच जर हत्ती असेल, तर तो नावडत्या सरदाराला कोण देईल? उलट असा हत्ती मिळवण्यासाठी राजांनी रक्त सांडले आहे. सोळाव्या शतकात अयुथ्थयेचा राजा महाचक्रफत याच्याकडे सात पांढरे हत्ती होते. त्यांपैकी दोन ब्रह्मदेशाच्या बयिन्नौंग राजाने मागितले. नकार मिळताच १५६३मध्ये त्याने सैन्य घेऊन चाल केली आणि १५६४मध्ये तहात दोनाच्या जागी चार हत्ती नेले. हत्ती हे निमित्त आणि सार्वभौमत्व हे कारण, असे म्हणता येईल. पण निमित्तसुद्धा असेच निवडले जाते, ज्यासाठी मरायला माणसे तयार होतात.

त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी पेगूला पोहोचला. हा मनुष्य मराठी वाचकाला अगदीच परका नाही. तो व त्याचे सोबती १५८३मध्ये ओर्मुझला पकडले गेले आणि पोर्तुगीजांनी त्यांना गोव्याच्या तुरुंगात आणून टाकले. तिथून त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी खटपट करणाऱ्यांत एक इंग्रज जेझुईट होता : फादर थॉमस स्टीफन्स, पुढे ज्याने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले तोच. फिच १५८४मध्ये गोव्यातून निसटला आणि विजापूर, गोवळकोंडा, बऱ्हाणपूर, आग्रा असा फिरत फिरत ब्रह्मदेशात गेला. पेगूच्या राजाचे चार पांढरे हत्ती त्याने पाहिले. त्यांना चांदीच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या भांड्यांतून खाणे दिले जाई. नदीवर स्नानाला नेताना त्यांच्यावर जरीचे किंवा रेशमी छत धरलेले असे, पुढे वाद्ये वाजत. स्नान करून परतल्यावर एक मानकरी चांदीच्या तस्तात त्यांचे पाय धुई. दुसऱ्या कुणा राजाकडे असा हत्ती असल्याचे कळले तर हा राजा त्यासाठी युद्ध करील, असेही फिचने लिहून ठेवले आहे. फिच व्यापारी होता, भाविक नव्हता. त्याला हे सारे चमत्कारिक वाटले असणार. तरीही या हत्तींना ओझे म्हणण्याचे त्याला सुचले नाही.

हा हत्ती रंगाने पांढराशुभ्र असतो, हाही एक गैरसमजच. थाई भाषेत त्याला ‘चांग फुएक’ म्हणतात आणि त्या शब्दाचा रोख शुभ्रतेपेक्षा वेगळ्या, फिकट वर्णाकडे आहे. प्रत्यक्षात तो फिकट तांबूस किंवा करडा-गुलाबी असतो. परीक्षा करणारे जाणते लोक त्याचे डोळे, टाळू, नखे, केस, कातडी, शेपटीचे केस अशी लक्षणे पाहत. ब्रह्मदेशातील जाणत्यांची एक साधी कसोटी होती : अंगावर पाणी ओतावे, साधा हत्ती भिजल्यावर काळा दिसतो, हा तांबूस दिसतो.

या श्रद्धेचे मूळ ब्रह्मदेशात नाही आणि सयामातही नाही. ते इथे आहे. समुद्रमंथनातून निघालेला चार सुळ्यांचा शुभ्र ऐरावत हा इंद्राचा, म्हणजे पावसाच्या देवाचा, हत्ती. गौतम बुद्धांच्या जन्मापूर्वी मायादेवीने स्वप्नात पाहिला तोही पांढरा हत्तीच. भारहूत आणि सांची येथील शिल्पांत तो आजही दिसतो. सम्राट अशोकाने गिरनारच्या शिळेवर कोरविलेल्या तेराव्या लेखाखाली श्वेत हत्तीचा उल्लेख आहे आणि तो सर्व जगाला सुख देणारा असा आहे. कालसीच्या शिळेवर हत्तीची रेखाकृती आहे, तर धौलीला अख्खा हत्तीच खडकातून बाहेर येताना कोरला आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात षड्दंत जातकाची कथा चितारली आहे : सहा सुळ्यांचा शुभ्र गजराज, त्याचे सुळे हवे असलेली मत्सरग्रस्त राणी आणि व्याधाला ते कापून नेण्यास स्वतःच साहाय्य करणारा तो हत्ती. ख्रिस्तपूर्व काळातील ही चित्रे आज फार पुसट झाली आहेत. छत्रपती संभाजीनगरहून दोन-अडीच तासांत तिथे पोहोचता येते, पण सहलीची बस दहाव्या लेण्यासमोर फार वेळ थांबत नाही.

सतराव्या लेण्यात याहून मोठी कथा आहे, विश्वंतर जातकाची. शिबी देशाच्या राजपुत्राकडे एक पांढरा हत्ती होता. तो जिथे असेल तिथे पाऊस पडे. कलिंगात दुष्काळ पडला तेव्हा तिथून आठ ब्राह्मण आले आणि त्यांनी हत्ती मागितला. विश्वंतराने तो देऊन टाकला. त्यावर राज्यातील प्रजा खवळली, आपला पाऊस याने परक्यांना दिला म्हणून. राजाला मुलगा वनवासात धाडावा लागला. थायलंडमध्ये ही कथा विहारांतून दरवर्षी सांगितली जाते. तिथल्या लेकराबाळांना ती ठाऊक असते. पांढरा हत्ती भेट दिल्याची एक खरी कथा आहे ती ही, आणि तीत दान घेणारा बुडत नाही, तरतो. शिक्षा होते ती देणाऱ्याला. इंग्रजी वाक्प्रचाराने ही कथा जणू उलटी करून डोक्यावर उभी केली आहे.

हत्ती आणि पाऊस यांचे नाते तर मराठी घराने परवापरवापर्यंत जपले होते. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की भोंडला किंवा हादगा सुरू होतो. पाटावर हत्ती काढायचा, किंवा हत्तीचे चित्र ठेवायचे, त्याला फुलांची माळ घालायची आणि मुलींनी फेर धरायचा. हस्ताचा पाऊस म्हणजे हत्तीचा पाऊस, सोंडेने ओतल्यासारखा. रब्बीची सारी भिस्त त्यावर. गावागावांतील शेतकऱ्याला जातककथा ठाऊक नव्हती, गिरनारचा शिलालेख ठाऊक नव्हता. तरी त्याच्या लेकीबाळी ज्या हत्तीभोवती फेर धरत होत्या, तो त्याच कुळातला. गजलक्ष्मीच्या दोन्ही बाजूंना सोंडेने अभिषेक करणारे हत्तीही तेच. मराठीत हत्ती कुणाच्या दारी झुलत असला तर त्या घराला भाग्यवान म्हणतात. आनंद झाला तर हत्तीवरून साखर वाटतात. हत्ती बुडाल्यावर शेळीला ठाव मिळत नाही आणि हत्ती गेला तरी शेपूट मागे राहते. मोठेपणा, वैभव, बळ, क्वचित दराराही, कारण हत्तीच्या पायी देण्याची शिक्षा याच भाषेत आहे. परंतु हत्ती म्हणजे निरुपयोगी ओझे, ही कल्पना मराठीच्या स्वतःच्या भांडारातली नाही.

मग ती आली कुठून? युरोपीय प्रवाशांनी हत्तीचा थाट पाहिला आणि त्याचा खर्च मोजला. मोजणाऱ्याच्या वहीत श्रद्धेला रकाना नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजीत हा वाक्प्रचार चांगला रुळला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्याच्या सरकारने जॉन क्रॉफर्डला १८२१मध्ये सयामला वकिलीवर पाठवले. त्यानंतर १८५५मध्ये जॉन बाउरिंग गेला. राजा मोंगकुटने त्याला आपल्या परीने सर्वांत मोठा मान दिला : पांढऱ्या हत्तीच्या शेपटीचे केस. राजाच्या लेखी त्या केसांहून अमोल काही नव्हते. बाउरिंगने त्या बदल्यात राजाला दिला एक तह. आयात मालावर तीन टक्क्यांच्या वर जकात घ्यायची नाही आणि इंग्रज प्रजाजनांचा न्यायनिवाडा सयामच्या न्यायालयात करायचा नाही, ही त्यातील कलमे. नाकारता येत नाही, टाकता येत नाही आणि पोसावी तर लागते, अशी भेट कुणी कुणाला दिली, हे ज्याचे त्याने ठरवावे. या तहाच्या जोखडातून पुरते सुटायला सयामला विसाव्या शतकाची तिशी उजाडावी लागली.

हाच मोंगकुट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना १८६१मध्ये पत्र लिहून हत्ती देऊ करत होता, रानात सोडून त्यांची पैदास करावी आणि ओझी वाहायला उपयोग करावा म्हणून. ते पत्र पोहोचेतो अब्राहम लिंकन अध्यक्ष झाले होते. त्यांनी आमच्याकडचे हवामान हत्तीला मानवणार नाही आणि वाफेच्या यंत्रावर आमचे भागते, असे सौजन्याने कळवले. त्याच वर्षी मोंगकुटने राज्याच्या सन्मानांत श्वेत हत्तीच्या नावाने एक पदक सुरू केले. ते आजही दिले जाते. सयामच्या ध्वजावर तर १९१७पर्यंत लाल पार्श्वभूमीवर पांढरा हत्तीच उभा होता.

वाक्प्रचाराला खरी गती दिली ती सर्कशीने. अमेरिकी सर्कसवाला पी. टी. बार्नम याने १८८४मध्ये ‘तुंग तलुंग’ नावाचा पवित्र पांढरा हत्ती ब्रह्मदेशाच्या थिबा राजाकडून घेतल्याचे जाहीर केले आणि लंडनमार्गे न्यूयॉर्कला नेला. लोकांनी तिकिटे काढली, हत्ती पाहिला आणि त्यांची घोर निराशा झाली. हत्ती करडा होता, कुठेकुठे गुलाबी ठिपके होते. बार्नमचा प्रतिस्पर्धी अ‍ॅडम फोरपॉ चतुर निघाला. त्याने एका साध्या हत्तीला पांढरा रंग फासला आणि त्याचे नाव ठेवले ‘लाइट ऑफ एशिया’. बुद्धचरित्रावरील हे गाजलेले काव्य १८७९मध्ये ज्याने लिहिले, तो एडविन आर्नोल्ड एकेकाळी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा प्राचार्य होता. बुद्धाच्या चरित्राचे नाव चुना फासलेल्या हत्तीला! लोकांनी तोही पाहिला आणि तो अधिक पांढरा असल्याने अधिक खरा मानला. साबणाच्या कारखानदारांनी जाहिराती काढल्या : आमच्या साबणाने हत्तीही गोरा होतो. बार्नमचा हत्ती १८८७मध्ये त्याच्या सर्कशीच्या तळाला लागलेल्या आगीत जळून मेला.

आणि थिबा? मराठी वाचकाला हे नाव रत्नागिरीमुळे ठाऊक आहे. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाच्या पदव्यांत श्वेतगजांचा स्वामी ही पदवी होती. नोव्हेंबर १८८५मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि राजा-राणीला बैलगाडीतून नदीकाठी नेऊन बोटीत बसवले. त्यानंतर काही दिवसांतच राजवाड्यातील पांढरा हत्ती मेला. राजाप्रमाणे ज्याचे अंत्यसंस्कार व्हायचे, त्या हत्तीचे प्रेत इंग्रज शिपायांनी दोर बांधून, लोकांच्या देखत, राजवाड्याच्या दाराबाहेर ओढून काढले. मंडालेच्या लोकांनी आपले राज्य गेले हे बहुधा जाहीरनाम्यापेक्षा त्या दृश्यातून ओळखले. पुढे कित्येक वर्षे वरचा ब्रह्मदेश शस्त्र घेऊन लढत राहिला.

थिबाला प्रथम मद्रासला आणि १८८६मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. तीस वर्षे तो तिथे होता. त्याचा तनखा, त्याची कर्जे, त्याच्या मुलींची लग्ने, त्याच्यासाठी बांधायचा वाडा, या साऱ्यावरून रत्नागिरी, मुंबई आणि कलकत्ता यांच्यात कागदांचे ढीग हलत राहिले. परत पाठवावा तर ब्रह्मदेश पेटेल, ठेवावा तर खर्च. मारता येत नाही, सोडता येत नाही. श्वेतगजांच्या स्वामीलाच इंग्रज सरकारने, त्यांच्या वाक्प्रचाराच्या अर्थाने, पांढरा हत्ती करून ठेवले होते. भाट्ये खाडीकडे पाहणारा त्याचा राजवाडा १९१०मध्ये पूर्ण झाला आणि डिसेंबर १९१६मध्ये तो निवर्तला. मधल्या काळात इंग्रजांनी या व्यवहाराची फिरती फेडही केली होती. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांना त्यांनी १९०८मध्ये थिबाच्या मंडालेला धाडले आणि १९१४पर्यंत तिथे डांबले. ‘गीतारहस्य’ तिथे लिहिले गेले. ब्रह्मदेशाचे राष्ट्राध्यक्ष थीन सेन डिसेंबर २०१२मध्ये रत्नागिरीला आले, ते या राजाच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी.

पांढऱ्या हत्तीचे हे एकट्याचे दुर्दैव नव्हे. पुरीच्या जगन्नाथाचा रथ पाहून आलेल्या युरोपीय प्रवाशांनी आणि पुढे १८०६मध्ये पुरीला गेलेल्या क्लॉडियस ब्युकॅननसारख्या मिशनऱ्यांनी जी वर्णने केली, त्यांतून इंग्रजीला ‘जगरनॉट’ हा शब्द मिळाला. जो आडवा येईल त्याला चिरडत जाणारे आंधळे बळ, असा त्याचा अर्थ. लाखो लोक ज्याचा दोर एकदा हाती लागावा म्हणून धडपडतात, त्या देवाचे नाव इंग्लंडमध्ये अवजड मालट्रकला दिले गेले. आणि निवडणुकीच्या दिवसांत मराठी पत्रकार अमक्या पक्षाचा जगरनॉट सुटला आहे, असे बिनदिक्कत लिहितात, तेव्हा आपण रथयात्रेची टवाळी करत आहोत, हे त्यांच्या गावीही नसते. इंग्रजांनी तसे म्हणावे, त्यांना तो रथ परका होता. मराठी माणसाला तो परका आहे काय?

तरीही या शब्दप्रयोगाला विरोध करण्याचे मुख्य कारण अस्मितेचे नाही. ते अधिक व्यवहाराचे आहे. भाषा सैल झाली की हिशेब सैल होतो. इंग्रजी वाक्प्रचाराच्या अटी नेमक्या होत्या, हे वर आलेच आहे. मराठीत येताना त्या गळून पडल्या आणि उरला एक शिक्का : जे महाग ते पांढरा हत्ती. एसटी तोट्यात आहे, म्हणून एसटी पांढरा हत्ती. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. तेव्हापासून खेड्यातील मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयात पोहोचली ती या लाल डब्यातून. दोन-चार प्रवासी असतानाही वाडीपर्यंत जाणारी मुक्कामाची गाडी तोट्यातच चालणार. पण ती बंद झाली तर वाडीतील मुलीचे शिक्षण सातवीला थांबते. वर्षाला कोट्यवधींचा तोटा आणि रोज लाखोंना उपयोग, अशी संस्था महाग असेल, तिचा कारभार गचाळ असेल, तिच्या भांडार खरेदीची चौकशीही व्हावी; ती पांढरा हत्ती मात्र नाही. हेच सरकारी ग्रंथालयांचे, जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळांचे, संस्कृत पाठशाळांचे आणि हस्तलिखिते सांभाळणाऱ्या संशोधन मंडळांचे. त्यांना एकदा पांढरा हत्ती म्हटले की चर्चा संपते. कारभार कुणी बिघडवला, हे विचारायचे कारण उरत नाही, कारण दोष हत्तीचा ठरतो, माहुताचा नाही.

आणि जिथे हा शब्द तंतोतंत लागू पडावा, तिथे तो पुरेशा कठोरपणे वापरला जात नाही. थिबाच्याच रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात, एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प उभा राहिला. राज्य सरकारने १९९२मध्ये सामंजस्य करार आणि १९९३च्या डिसेंबरात वीज खरेदी करार केला. युती सरकारने १९९५मध्ये तो रद्द केला आणि १९९६मध्ये सुधारून पुन्हा स्वीकारला. केंद्राच्या प्रतिहमीवर वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारनेही मोहोर उमटवली. कोणत्याही एका पक्षाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही, असे हे प्रकरण आहे. करारातील मेख अशी होती की वीज मंडळाने वीज घेतली नाही तरी स्थिर आकार भरायचाच. त्यामागे राज्याची हमी आणि राज्य चुकले तर केंद्राची प्रतिहमी. मे १९९९मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतरांच्या मानाने इतकी महाग पडली की दोन वर्षांत मंडळाने खरेदी थांबवली, मे २००१मध्ये केंद्र बंद पडले आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनने दिवाळे काढले. नाकारता न येणारी, पोसता न येणारी, टाकता न येणारी, वर प्रतिष्ठेचा मुलामा दिलेली भेट! सयामच्या राजाच्या नावावर खपवलेली कथा अखेर खरी झाली ती गुहागरला, आणि राजा ह्यूस्टनचा होता. पुढे २००५मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने नवी कंपनी स्थापून प्रकल्प ताब्यात घेण्यात आला; २०१३च्या सुमारास वायूच्या टंचाईने तो पुन्हा थंडावला आणि नंतर रेल्वेला वीज देण्यासाठी अंशतः चालू करण्यात आला.

त्या वेळी या प्रकरणाला मराठीतच नेमका शब्द होता : नाकापेक्षा मोती जड. दागिना तोही, मान देणारा तोही, पण ज्या नाकात घालायचा ते नाकच फाटेल असा. इंग्रजी वाक्प्रचारातील मूल्य, ओझे आणि प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी त्या तीन शब्दांत आहेत आणि त्यांत कुणाच्या देवाचा, कुणाच्या राजाचा अवमान नाही. निगराणीचा खर्च मूळ वस्तूहून जास्त होत असेल, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आहेच. सोडवतही नाही आणि धरवतही नाही अशी स्थिती असेल, तर धरले तर चावते, सोडले तर पळते. तिन्ही म्हणींचे अर्थ वेगळे आहेत, म्हणून लिहिणाऱ्याला थांबून ठरवावे लागते की समोरच्या प्रकल्पाचे दुखणे नेमके कोणते. पांढरा हत्ती लिहिताना असे थांबावे लागत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण, जिला लोक माधुरी म्हणत, न्यायालयाच्या आदेशाने जुलै २०२५मध्ये जामनगरच्या वनतारा केंद्रात नेण्यात आली. तिच्या प्रकृतीविषयीचा आणि पाळीव हत्तींच्या हक्कांविषयीचा वाद गंभीर आहे आणि तो न्यायालयात दोन्ही बाजूंनी मांडला गेला. परंतु तिला निरोप देताना गावोगावची माणसे ढसाढसा रडली आणि ऑगस्टमध्ये हजारोंच्या संख्येने पायी कोल्हापूरला चालत गेली, ती आपला हत्ती परत मिळावा म्हणून. त्या गर्दीत कुणी चाऱ्याचा हिशेब विचारला नाही.